लाडावलेली

दोन वर्षांची झाली तरी सुवर्णाची लेक ईश्वरी उभी राहत नव्हती. गंगापूर रोडच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी शिकवलेले व्यायाम सुवर्णा रोज घरी करून घ्यायची. झेंडूचा रिकामा क्रेट पालथा घालायचा, त्यावर खुळखुळा ठेवायचा आणि पोर रडून लाल झाली तरी हात द्यायचा नाही. सासूबाईंना, नवसाबाईंना, ते बघवत नसे. "कसाई हाय का तू?" म्हणत त्या नातीला उचलून घेत. चारचौघांत तर तिला कडेवरून उतरवतच नसत. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "लय लाडावली, पाय खाली टेकवत नाय."

त्या रविवारी नणंदेला बघायला येवल्याचे पाहुणे आले. पोरीचं कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून सुवर्णाला लेकीसकट आतल्या खोलीत बसवलं होतं. जसं काही त्या इवल्याशा पायांवरच घराण्याची अब्रू उभी होती!

पोह्यांसाठी हाक आली, तशी लेकीला क्रेटपाशी ठेवून सुवर्णा बाहेर आली. बशा मांडताना मागे खुळखुळा वाजला. वळून बघते तर दारातून दिसणारी ईश्वरी क्रेटला धरून उभी! मग तिने क्रेट सोडला आणि आईकडे बघत एक पाऊल टाकलं. डुगडुगतं, पण स्वतःचं.

दुसरं पाऊल पडायच्या आत नवसाबाई ताडकन उठल्या, नातीला कडेवर घेतलं आणि पाहुण्यांकडे बघून हसल्या.

"लय लाडावली बघा, पाय खाली टेकवत नाय."

पाहुणेही हसले. कडेवर ईश्वरीचे पाय हवेतच चालत होते.