ढोल पोटावरच बांधायचा असतो

सदाशिव पेठेतल्या त्या घरात सगळ्या तक्रारींवर एकच औषध होतं, एरंडेल. डोकं दुखो, अभ्यासात लक्ष न लागो, तोंडावर पुटकुळी येवो, मंदाकिनीबाईंचं निदान ठरलेलं: “पोट साफ नाही.” ज्या मुलीला दिवसातून चार-पाचदा पळावं लागतं, तिचं पोट आणखी किती साफ करायचं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. पडला असता तर त्यांची लेक वर्षभर आधीच सुटली असती.

लेक म्हणजे कादंबरी. वय एकोणीस, शिक्षण बीकॉमचं. पोटात कळ यायची, पोट फुगायचं, संडासला जाऊन आलं की जरा बरं वाटायचं आणि मग पुन्हा तेच. परीक्षेच्या आणि ढोलाच्या सरावाच्या दिवशी तर हमखास. आणि ढोल तर तिचा जीव की प्राण! गेल्या वर्षी नवखी म्हणून मिरवणुकीत तिच्या हातात ध्वज दिला होता. यंदा तिला ढोलाच्या रांगेत उभं राहायचं होतं, आणि सराव सुरू होऊन चार दिवस होतात न होतात तोच तिनं दोनदा रांग सोडली होती.

नदीपात्रातला सराव संपल्यावर पथकप्रमुख रणजितदादानं तिला बाजूला घेतलं.

“हे बघ, मिरवणुकीत कुणी मध्येच पळालं तर सगळं वादन कोलमडतं. यंदा तू पाण्याच्या टीममध्ये ये. सीरियसली, तिथेही माणसं लागतात.”

“निवड कधी आहे?”

“गणपतीच्या आधीच्या रविवारी.”

“मग तोवर माझं नाव खोडू नका.”

बाणेदार उत्तर दिलं खरं, पण पुढे तिनं जो उपाय काढला त्याला तोड नाही. सरावाच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहायचं, पाणीसुद्धा घोटभरच प्यायचं आणि ढोल पोटावर गच्च आवळून बांधायचा. पोटात काही नसलंच तर पळायचं कशाला, असा हिशेब. सराव संपला की भुकेनं कासावीस होऊन दोन वडापाव हाणायचे, वर कडक चहा. तासाभरात पोट बोंब मारायचं. मग घरी एरंडेल होतंच.

एक दिवस ढोल बांधतानाच तिला घाम फुटला आणि ती मटकन खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून डॉक्टर पूर्णिमाताईंच्या दवाखान्यात गेली. चपला सरकवत मंदाकिनीबाईही मागोमाग निघाल्या.

डॉक्टरांनी सरळ विचारायला सुरुवात केली. शौचातून रक्त जातं का? वजन उतरलंय का? ताप येतो? पोट रात्री झोपेतून उठवतं? घरात कुणाला आतड्याचा आजार आहे? सगळ्याला उत्तर ‘नाही’. तरी त्यांनी रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट नॉर्मल आले.

“बघा!” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मी म्हणतच होते, काही झालेलं नाही. नुसती नाटकं.”

“अहो, नॉर्मल म्हणजे दुखत नाही, असं यात कुठे छापलंय?” डॉक्टर म्हणाल्या. “दुसरे आजार नाहीत, एवढंच त्यावरून कळतं. तिला आयबीएस आहे. आतडं दिसायला ठणठणीत, पण हळवं झालंय. जरा ताण आला, जरा गॅस धरला की कळ. या वयात पुष्कळ मुलांना असतं, लाजेनं कुणी बोलत नाही. एरंडेल आजपासून बंद.”

कादंबरीला तिथेच रडू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिचं दुखणं खरं मानलं होतं.

“ढोल सोडावा लागेल?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“कशासाठी? उपाशीपोटी वाजवणं सोड.”

मग कादंबरीनं कंबर कसली. वेळच्या वेळी थोडं थोडं खाणं, पाणी भरपूर, चहा एकच. कांदा, छोले, दूध असं एकेक काही दिवस बंद करायचं, पुन्हा खाऊन बघायचं आणि ज्यानं खरंच त्रास होतो तेवढंच वगळायचं. दूध निर्दोष सुटलं, कांदा पकडला गेला. श्रावणी सोमवारी “उपास नाही म्हणजे काय!” म्हणून मंदाकिनीबाई दिवसभर फुगून बसल्या, पण लेक त्यांच्यासमोर बसून शांतपणे वरण-भात जेवली. कळ आली की पोटातून सावकाश श्वास घ्यायचा, फारच वाढली तर डॉक्टरांनी दिलेली गोळी. त्रास गेला नाही, पण पुष्कळ कमी झाला. एखादा दिवस तरीही वाईट जायचाच.

निवडीच्या रविवारी नेमका तसाच दिवस उगवला. वादन रंगात असताना तिला पळावं लागलं. परत आली तेव्हा सगळे पाणी पीत बसले होते आणि रणजितदादा नजर चुकवत होता. ती सगळ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“मला आयबीएस आहे. पोटात कळ आली की मला संडासला जावंच लागतं, आणि मी दहा मिनिटांत परत येते.”

“अगं, हे असं सगळ्यांसमोर...”

“ढोल सगळ्यांसमोरच वाजवायचाय ना, दादा? वाजवताना बोट फाटलं की आपण काय करतो? राखीव वादक आत येतो, बोटाला चिकटपट्टी लावतात, आणि बोट फाटलेला परत आला की टाळ्या पडतात. बोट फाटलं तर शाबासकी, आणि पोट दुखलं तर पाण्याची टीम? मी चुकीचं वाजवलं असेल तर आत्ता काढा.”

तिचा हात चुकत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. दादानं मान खाजवली.

“राखीव वादक तुझ्या मागे ठेवतो,” तो म्हणाला. “हातातली काठी, टिपरू, वर केलंस की तो आत येईल.”

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुपारी कादंबरीच्या पोटात कळ उठली. तिनं सावकाश श्वास घेतले, आणखी एक आवर्तन निभावलं आणि मग टिपरू वर केलं. राखीव मुलगा आत सरकला. ढोल सोडवून पाण्याच्या टीमकडे देत ती पथकाभोवती धरलेल्या दोराबाहेर आली आणि समोरची गर्दी बघून थबकली. संडासला जाता यावं म्हणून आधीच विचारून ठेवलेलं घर अजून बरंच पुढे होतं.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी तिचं मनगट धरलं. मंदाकिनीबाई होत्या. सकाळपासून त्या रांगेच्या बाजूनं चालत होत्या आणि लेकीला त्याचा पत्ता नव्हता. लोकांना कोपरानं बाजूला सारत त्या तिला जवळच्या जिन्यावर घेऊन गेल्या आणि परक्या घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंना ढोलांच्या गजरात काही ऐकू येईना. तेव्हा, ज्यांनी ‘संडास’ हा शब्द आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर उच्चारला नव्हता, त्या मंदाकिनीबाई अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, “अहो, माझ्या मुलीला आयबीएस आहे! तिला संडासला जायचंय, आत्ता! आणि मग परत ढोल वाजवायचाय!”

बाई झटकन बाजूला झाल्या.

कादंबरी खाली आली तेव्हा पथक चौकाच्या तोंडाशी पोचलं होतं. आईनं गर्दी फोडून वाट करून दिली. राखीव मुलानं मागे वळून पाहिलं आणि तो बाजूला झाला. कादंबरीनं ढोल बांधला आणि पुढच्या ठोक्याला ती रांगेत होती.