फळीखालची ओल

पायरीवरची चंदेरी रेघ वीतभर लांब होती आणि मधे एकदाच तुटली होती. जिथं दगड कोरडा होता तिथं गोगलगाय थबकली असावी. मग बाजूच्या ओलीकडे वळून, वाफ्याच्या कडेनं जाऊन कोबीखाली दिसेनाशी झाली होती.

तिनं काल कामावर जाताना वाफ्यात ठेवलेली फळी उलटली. खालच्या अंगाला शंख नसलेल्या करड्या गोगलगायी दाटीवाटीनं चिकटल्या होत्या. चिमट्यानं एकेक उचलून ती मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकू लागली.

"किती?" व्हरांड्यातून बाबांनी विचारलं.

"सत्तावीस."

"बाप रे! हटायचं नाव घेत नाहीत." बाबांनी कॅलेंडरवर आकडा टिपला. पोस्टातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी अक्षर तसंच टपोरं. "या एकदा आटोक्यात आल्या की बघू तुझ्या नोकरीचं."

दुसऱ्या शहरातल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेनं तिला बोलावलं होतं. होकार कळवायची मुदत आज पाचला संपत होती. आई गेल्यावर ती महिनाभरासाठी म्हणून इथं आली, त्याला सहा वर्षं झाली. डेअरीत दुपारपाळीला दुधाचं फॅट मोजायचं आणि सकाळी घरातलं काहीतरी आवरायचं. आधी गळकं छप्पर, मग बाबांचा मोतीबिंदू, आता ह्या.

"अगं, लग्न राहिलं, नोकरी राहिली, तुझ्या गोगलगायींनी तेवढं बाळसं धरलं!" कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या.

"तुमच्याकडे नाहीत का, काकू?"

"औषधालासुद्धा नाहीत. आम्ही सकाळी पाणी घालतो ना. तुमच्यासारखं दिवेलागणीला तळं करत नाही."

"आमच्याकडेही मी सकाळीच घालते."

काकूंची नजर व्हरांड्याकडे गेली. "मला काय ठाऊक बाई. गॅसवर दूध ठेवलंय," म्हणत त्या आत पळाल्या.

तिनं फळीखालच्या मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत चिखल. डबा खाली ठेवून ती कॅलेंडरपाशी गेली. गेल्या महिन्यात बाबा तापानं झोपून होते ते तीन दिवस तिनं शोधले. तिच्याच अक्षरात अकरा, सहा, दोन. ते हिंडूफिरू लागले आणि आकडा चौदावर गेला. तेव्हा तिनं त्याचं श्रेय कोरड्या वाऱ्याला दिलं होतं. आकडे रोज डोळ्यांसमोर होते, आणि तिनं वाऱ्याला श्रेय दिलं होतं!

"बाबा, संध्याकाळी पाइप तुम्ही लावता?"

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "उकडतं गं. रोपं माना टाकतात."

"ओल राहिली की त्या येतात, सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस." ते बोटानं खुर्चीचा सुटलेला वेत उचकटू लागले. "तू रात्री येतेस तेव्हा मी झोपलेलो असतो. सकाळी चहा घेऊन तू तुझ्या खोलीत. हा अर्धा तास तेवढा आपण बोलतो. किती, कुठं, काल किती होत्या... तेवढंच."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. रागाच्या भरात माणूस निदान उंबरा तरी ओलांडतो. इथं मात्र बाबांच्या गुंडी तुटलेल्या बाहीकडे बघत ती जागच्या जागी उभी राहिली. गुंडी लावून द्यायला हवी, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"आता नाही लावणार पाइप," बाबा घाईघाईनं म्हणाले. "आणि पुढच्या महिन्यात आपण वाफाच बदलू. कोबी काढून लसूण लावू. लसणाला त्या शिवत नाहीत म्हणे. तेवढं झालं, की मग तू खुशाल..."

"बाबा," ती म्हणाली. तिनं कॅलेंडरचं पान उलटून पुढचा महिना काढला. "बाबा, मी आज त्यांना होकार कळवतेय. एक तारखेला मी जाणार."