मुठीतलं मीठ

दुधनीच्या पत्र्याच्या मंडपात मुंगीलाही जागा नव्हती. मधोमध रक्तसिद्ध महाराज, शेजारी सूक्ष्मदर्शक, मागं मोठा पडदा. रोगी पुढं आला की महाराज मिठानं त्याची दृष्ट काढत, तेच मीठ ओलं करून त्याच्या मुठीत आवळून धरायला लावत आणि त्याच हाताचं बोट टोचत. पडद्यावर रक्तपेशी दिसत, सराट्यासारख्या काटेरी.

"ही करणी हाय. डॉक्टरला डोळं दोन, आमाला तीन," असं म्हणून महाराज काचेवर तीर्थाचा थेंब सोडत. काटे जाऊन पेशी गरगरीत गोल होत आणि मंडपाचे हात जोडले जात.

सोलापुरात विज्ञान शिकवणारी सिद्धेश्वरी त्या गर्दीत वडिलांजवळ बसली होती. तिच्या अप्पांची, चनमल्लप्पांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेलं. अप्पा डायलिसिस सोडून तांब्यानं तीर्थ पीत होते.

"अप्पा, पाय बघा किती सुजलेत. दवाखान्यात चला."

"गप बस की. माझं काटं गेलेलं मी बघितलंय."

मग तीच उठली. मीठ मुठीत धरून तिनं बोट पुढं केलं. काटे आले.

"हिच्यावर तर लई जुनी करणी," महाराज म्हणाले.

ठणठणीत बाई होती ती. तिनं दुसरा हात साबणानं धुतला, पुसला आणि स्वतःच बोट टोचलं. पेशी तीर्थाशिवायच गोल. त्यात मिठाचं पाणी सोडलं, काटे आले. आपल्या बाटलीतलं साधं पाणी सोडलं, काटे गेले.

"काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? तसंच हे," ती लोकांना म्हणाली. "पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ पटल असतं. बाहेर खारट झालं की आतलं पाणी निघून जातं, पेशीची पिशवी सैल पडते आणि पटल चुरगळून काटे उठतात. पाणी मिळालं की ती परत फुगते. यात करणी नाही आणि तीर्थही नाही."

महाराज गालात हसले. "ताई शिकलेल्या हायत. शिकल्यालं रक्त असंच उलटं चालतंय." मंडप खदाखदा हसला आणि रांग पुढं सरकली. कर्म आपलं, दुसरं काय!

अप्पा हळूच म्हणाले, "सिद्धव्वा, तुझं खरं असंल. पण 'तू बरा झालास' असं त्या डॉक्टरनं कवा म्हटलं का? ह्यानं म्हटलं."

डॉक्टर खोटं बोलत नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा.

आठवडाही गेला नाही, फुप्फुसात पाणी भरलं आणि दवाखान्यात नेता नेता अप्पा गेले. "यांना एवढं पाणी कुणी पाजलं?" डॉक्टरांनी विचारलं. तांब्या भरून देणाऱ्या नागव्वानं, सिद्धेश्वरीच्या आईनं, पदर तोंडाला लावला.

भेटायला आलेल्या शेजारच्या रत्नम्मानं जाता जाता विचारलं, "म्हाराज सोमवारी असत्यात का? नातवाचा ताप उतरंना."

सिद्धेश्वरीचा जीव जळला, पण आवाज चढला नाही. "मावशी, आधी त्याला डॉक्टरकडं न्या. डोळ्यांना दिसलं म्हणून खरं मानू नका, कसं झालं ते विचारा. आणि जायचंच असेल, तर बोट टोचण्याआधी पोराचा हात साबणानं धुवा."

रत्नम्मानं जरा विचार केला.

"धुतल्यावर मग काटं कसं दिसायचं गं?" ती म्हणाली, आणि चप्पल घालून निघाली.