मेण फक्त एकाला

चर्चच्या उन्हाळी शिबिरात पोरांची हस्तकला अकरा वर्षं मी घेतली. कोणत्या दिवशी काय बनवायचं, कात्र्या किती, डिंक किती, सगळं एका जाड वहीत लिहिलेलं. यंदा माझ्या धाकट्या जावेने ती वही कपाटातून उचलली, कोऱ्या कागदांवर छान अक्षरात उतरवून काढली आणि पाळकसाहेबांपुढे ठेवली. म्हणे, महिनाभर डोकं खपवलंय! आयत्या बिळावर नागोबा. शिबिर तिच्या हवाली झालं. वर भर बैठकीत मला म्हणते, "ताई, तुम्ही आता दमता. तुम्ही आपलं सरबत वाटा."

सरबत! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मी गोड हसले, कारण वहीत एक गोष्ट नव्हती.

शेवटच्या दिवशी पोरं पुठ्ठ्याची नोहाची तारवं बनवतात आणि आईबापांसमोर मोठ्या टपात सोडतात. पुठ्ठा पाण्यात टिकतो कसा? चर्चचा शिपाई वर्षभर वेदीवरच्या मेणबत्त्यांची थोटकं माझ्यासाठी बिस्किटांच्या डब्यात साठवतो. आदल्या संध्याकाळी मी सगळी तारवं घरी आणून बुडाला मेण घासायची आणि वरून कागद ठेवून गरम इस्त्री फिरवायची. पोरांच्या हातात इस्त्री कोण देणार? म्हणून ते वहीत कधी लिहिलंच नाही.

यंदाही शिपाई डबा घेऊन आला. मी तो पलंगाखाली सरकवला. अळीमिळी गुपचिळी. चाळीस तारवं बुडतील, सगळ्यांसमोर बाईसाहेब तोंडावर पडतील, मग येईल माझ्याच दारात. आठवडाभर तेवढ्या विचारावर मला झोप छान लागली.

आदल्या संध्याकाळी तिची धाकटी, आमची चिमणी, तारू रंगवायला माझ्या घरी घेऊन आली. सात वर्षांची पोर, पण आईपेक्षा माझ्याच मागे मागे. "मोठीआई, माझं बुडणार नाही ना गं? मी आत मांजरं ठेवलीत."

आता काय सांगू! आईवरचा राग पोरीवर काढायला माझं मन होईना. डबा ओढला, मेण घासलं, इस्त्री फिरवली. "कोणाला सांगायचं नाही हं," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात टप भरला. जाऊ नवी साडी नेसून मिरवत होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि पोरांनी तारवं सोडली. पाच मिनिटं गेली. मग एक कलंडलं, दुसऱ्याचा तळ सुटला, आणि बघता बघता टपात नुसता रंगीत चिखल. पोरांनी भोकाड पसरलं. जाऊ पांढरीफटक. मी सरबताचा जग हातात धरून उभी होते आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. हीच ती महिनाभर डोकं खपवणारी!

चिखलाच्या मधोमध एकच तारू ऐटीत तरंगत होतं.

"अरे वा, हे कोणाचं? हेच कसं टिकलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"माझं!" चिमणी उड्या मारत म्हणाली. आईचा उतरलेला चेहरा बघून तिला राहवलं नसावं. "मोठीआईने मेण लावलं. तिला माहीत होतं बुडणार ते. तिच्याकडे डबाभर आहे!"

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. जाऊ, आईबाप, पाळकसाहेब, आणि मागे उभा असलेला शिपाईसुद्धा. त्यानेच तर डबा आणून दिला होता.

मी म्हणणार होते, आधी हिला विचारा वही कोणाची. तेवढ्यात माझा पदर कोणीतरी ओढला. शेजारच्या बाकावरची दोन वेण्यांची पोर होती, दरवर्षी माझ्याच टेबलाशी बसणारी. हातात पुठ्ठ्याचा ओला गोळा.

"आजी," ती म्हणाली, "मग माझ्या तारवाला का नाही लावलंत?"