'दोघं'वरची लाल खूण

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या ताईंच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची वेबसाइट काढली, आठवणी लिहिल्या आणि हौसेने एक विजेट बसवलं. चुकलेल्या शब्दावर वाचणाऱ्याने टिचकी मारली, की तो शब्द लाल व्हायचा. खाली चुकांचा आकडा. तो सहा महिने शून्य होता, आणि ताईंची सगळी अब्रू त्या शून्यात होती.

एका मंगळवारी शून्याचा एक झाला. 'आमचं घर' या पानावर वाक्य होतं, 'आम्ही दोघं भावंडं.' त्यातला 'दोघं' लालभडक.

"हा अनुस्वारच!" ताई उसळल्या.

अनुस्वार हे छापखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं टोपणनाव. 'दोघं' दिसलं की त्याच्या पोटात दुखे; लेखनात 'दोघे'च हवं, हा त्याचा हट्ट. नाक मुठीत धरून ताईंनी 'दोघे भावंडे' केलं आणि आकडा पुसून शून्य केला. दुसऱ्या दिवशी 'दोघे'ही लाल, आकडा पुन्हा एक. मग मात्र त्यांनी फोनच लावला.

"अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्याला पट्टी आहे," अनुस्वार कण्हला. "पण 'दोघे'च बरोबर हं."

म्हणजे हा नव्हे. मग कोण? त्या पानाचा पत्ता ताईंनी आणखी एकालाच पाठवला होता, धाकट्या भावाला. त्याला विचारलं तर तो आधी खोकला, मग हवापाण्याचं बोलायला लागला. चोराच्या मनात चांदणं.

"खूण तू केलीस?"

"आईशपथ नाही. पण ताई, ते वाक्य एकदा मोठ्याने वाच ना." आणि फोन ठेवला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. ताईंनी वाक्य वाचलं नाही. विजेटला एक चौकट जोडली: 'योग्य शब्द लिहा.' सापळाच तो! चहा होईपर्यंत त्यात उत्तर आलं.

'तिघं.'

ताईंनी आता ते वाक्य मोठ्याने वाचलं. बावीस वर्षांपूर्वी धाकटी बहीण मनासारखं लग्न करून निघून गेली, तेव्हा वडील म्हणाले होते, "आजपासून मला दोनच मुलं." वडील जाऊनही बारा वर्षं झाली. त्यांचा शब्द ताई अजून बिनचूक छापत होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

भावाचा फोन आला. "पत्ता मीच दिला तिला. रागावलीस?"

"थांब जरा."

त्यांनी वाक्य दुरुस्त केलं: 'आम्ही तिघं भावंडं.' खालचा आकडा पुसून परत शून्य करता आला असता. त्यांनी तो एकच ठेवला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता तिचा नंबर सांग."