कढणातली मुळी

अमेरिकेत, सनीव्हेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये अहिल्याबाईंची स्वतःची अशी एकच मैत्रीण होती, समोरच्या दारातली लिनबाई. दोघी साठी उलटलेल्या, दोघी मुलांकडे राहायला आलेल्या. एकीची मराठी, दुसरीची चिनी, मध्ये वीस-पंचवीस इंग्रजी शब्द. तेवढ्यावर रोज सकाळी बाकावरचा तास कसा जाई ते कळत नसे.

२००५ साली अहिल्याबाईंच्या हृदयात धातूची झडप बसवली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. सून आसावरी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवी, पालेभाजी कमीजास्त झाली की गोळीचा असर बदलतो म्हणून पालक-मेथीसुद्धा मोजूनमापून करी. सगळं मायेनंच, पण आपल्या ताटावर आपला हक्क उरला नाही, हे अहिल्याबाईंना टोचायचं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना फार थकवा येऊ लागला. लिनबाईनं आधी कोंबडीचं सूप आणलं. अहिल्याबाई कोंबडी खात नाहीत म्हटल्यावर कागदाच्या पुडीत कसल्याशा मुळीचे वाळके काप दिले. वास ओव्यासारखा, थोडा ज्येष्ठमधासारखा. "डाँग क्वाय," ती म्हणाली आणि मनगटावरची शीर दाखवली. "ब्लड. गुड."

अहिल्याबाई रोज दुपारी मुगाच्या कढणात दोन काप उकळून घेऊ लागल्या. घरात मात्र बोलल्या नाहीत.

तीनेक आठवड्यांनी दात घासताना रक्त दिसलं. दंडावर काळानिळा डाग उठला. तोही त्यांनी पदराआड झाकला. मग एका शनिवारी जेवताना नाकातून रक्त आलं, ते थांबेचना. मुलानं, गुरुदत्तनं, ताट तसंच टाकून गाडी काढली.

हॉस्पिटलात रक्त तपासलं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा जो आकडा तीनच्या आसपास हवा, तो सातावर गेला होता. नाकात बोळे घालून रक्त थांबवलं, गोळी काही दिवस बंद केली. नर्सनं विचारलं, "खाण्यात काही नवीन? एखादं औषध, जडीबुटी?" आसावरीनं ते मराठीत सांगितलं.

"काही नाही," अहिल्याबाई म्हणाल्या. लिनबाईचं नाव निघालं की सगळे तिलाच बोल लावणार, हे त्यांना दिसत होतं.

नर्स गेली. आसावरीनं पर्समधून गोळ्यांची डबी काढली, मांडीवर उपडी केली आणि एकेक मोजू लागली. पुन्हा मोजल्या.

"काय करतेस गं?"

"आई, माझ्याच हातून डबल डोस भरला गेला असणार. ऑफिसचा कॉल चालू होता त्या दिवशी..."

एकीला वाचवता वाचवता अहिल्याबाईंनी दुसरीला सुळावर चढवलं होतं.

"तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी कढणात मुळी घालत होते. ओट्याखालच्या डब्यात आहे. बोलाव त्या नर्सला."

नर्सबरोबर फार्मासिस्टही आली. तिनं मुळीचं नाव ऐकलं आणि खुर्ची ओढून शांतपणे सांगितलं, "सुपात लोक ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या घालतात. पण तुमच्या गोळीबरोबर ती रक्त आणखी पातळ करते. गोळी आहे तोवर एक कापही नको. आणि दुसरं काही पातेल्यात टाकण्याआधी मला फोन करा."

आसावरी रागावली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, "मला विचारायची भीती वाटली का हो तुम्हाला?" अहिल्याबाई म्हणाल्या, "हो."

आसावरीकडून कळल्यावर लिनबाईला तिच्या मुलीनं समजावून सांगितलं. त्यानंतर चार दिवस बाक रिकामा राहिला. पाचव्या दिवशी अहिल्याबाईंनीच समोरचं दार वाजवलं. लिनबाईनं दार उघडलं, दंडावरचा डाग पाहिला आणि तोंडावर हात ठेवून रडू लागली. "सॉरी, सॉरी." कुठलं औषध चालू आहे का, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं आणि अहिल्याबाईंनी सांगितलं नव्हतं. झडपेला, गोळीला तिच्या भाषेत काय म्हणतात, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

अहिल्याबाईंनी तिचा हात धरून आपल्या छातीवरच्या व्रणावर ठेवला. झडपेची बारीक टिकटिक तिच्या हाताला जाणवली. मग ती बाजूला सरली आणि तिनं त्यांना आत घेतलं.