तीन न लिहिलेल्या पायऱ्या

पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "काका, तुम्ही काम कसं करता, ते मला फक्त बघायचंय." तेव्हाच मी ओळखलं की ही बाई मला काढायला आली आहे.

फक्त बघायचंय म्हणे! बावीस वर्षं मी या कंपनीत आहे. इथे फक्त बघायला कोणी येत नाही. हिशेब तपासणारे आले तेव्हा तेही फक्त बघायलाच आले होते, आणि जाताना पाच माणसांच्या खुर्च्या रिकाम्या करून गेले.

आमची कंपनी औषधं पोचवते. एका मोठ्या डेपोतून साडेतीनशे हॉस्पिटलांना. कोणतं खोकं कोणत्या गाडीत चढवायचं, कोणत्या हॉस्पिटलात उतरवायचं, हे सगळं एक प्रोग्रॅम ठरवतो. तो लिहिणारे सातव्या मजल्यावर बसतात आणि चालवणारे आम्ही तिसऱ्या. महिनाभर त्यांनी वर बसून बदल करायचे, मग ते गाठोडं आमच्या डोक्यावर टाकायचं आणि आम्ही निस्तरायचं, अशी रीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी डेपो बंद झाला की मी नवा प्रोग्रॅम हाताने बसवायचो. त्याच्या सेहेचाळीस पायऱ्या. त्रेचाळीस कागदावर, तीन माझ्या डोक्यात.

त्या तीन मी मुद्दाम लपवल्या होत्या असं नाही. अडचणी येत गेल्या, उपाय सापडत गेले, कोणी विचारलं नाही, मी लिहिलं नाही. ती आल्यावर मात्र त्या लपवलेल्या झाल्या.

हे सगळं सुरू केलं मोठ्या मॅडमनी. त्या नव्याने आल्या आणि सोबत डेव्हऑप्स नावाचं प्रकरण घेऊन आल्या. लिहिणारे आणि चालवणारे आता एकत्र बसणार, महिन्याला एक मोठा बदल करण्याऐवजी दर आठवड्याला छोटे बदल होणार, आणि ते माणूस नाही, मशीन बसवणार, भरदिवसा, एका बटणावर. भाषणाच्या सुरुवातीलाच त्या म्हणाल्या, "यात कोणाचीही नोकरी जाणार नाही." आता गंमत बघा. नोकरीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. न विचारता उत्तर मिळालं की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

त्यात दुसऱ्या आठवड्यात एक सुतार टेप घेऊन आला आणि माझं टेबल मोजायला लागला.

"काय रे, कशाला?"

"वरून सांगितलंय."

"वरून म्हणजे कोणी?"

"ते वरचेच जाणे. जरा पाय घ्या, साहेब."

मी पाय घेतले. माझ्या जागी काय येणार, कपाट की झाडाची कुंडी, एवढंच कळायचं बाकी होतं.

आणि माझ्या पायऱ्या मशीनला शिकवायला मॅडमनी धाडलेली ही बया रोज माझ्या उजव्या हाताला. हातात निळी वही. कॉम्प्युटरची इंजिनिअर, आणि लिहिते वहीत! म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहू नये असंच काहीतरी लिहीत असणार. आम्ही तिचं नाव वहीवाली ठेवलं. वहीवाली दुपारी माझ्यासाठी चहा आणायची, मी सर्दीने हैराण होतो तेव्हा गोळी आणून दिली, आणि प्रत्येक पायरीला विचारायची, "काका, हे का करतो आपण?" म्हणे आपण! इतकं गोड बोलणाऱ्या माणसापासून मी चार हात लांबच राहतो. मी कागदावरच्या त्रेचाळीस पायऱ्या तिला समजावून सांगितल्या. उरलेल्या तिन्हींबद्दल ताकास तूर लागू दिली नाही.

संशयाला माझ्याकडे कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी आमचे एक सीनियर होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. एका गोंधळानंतर बैठक झाली. "कोणाला दोष द्यायचा नाहीये, फक्त शिकायचंय," असं तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं. दादा भोळा माणूस. उभे राहिले आणि म्हणाले, चूक माझ्या हातून झाली. महिन्याभरात ते तळघरात जुने कीबोर्ड मोजत होते. पुढे निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभही झाला नाही त्यांचा.

घरी बायकोला हे सांगितलं तर तिने मलाच धारेवर धरलं. "अहो, तुमचा स्वभावच आहे तो. पाण्याची मोटर चालू करायची तरी तुमचीच वाट बघावी लागते. आधी कोणतं बटण, मग कोणतं, ते कोणालाही सांगून ठेवत नाही."

"अगं, त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तुमच्यावाचून अडलेलं तुम्हाला आवडतं, एवढंच म्हणते मी."

मी जेवण उरकून उठलो. बायकांना ऑफिसातलं राजकारण कळत नाही, असं मनाशी म्हणालो. म्हणालो खरा, पण ते मलाच पटलं नाही.

मशीनने प्रोग्रॅम बसवायचा पहिला दिवस ठरला बुधवार, सकाळी अकरा. आदल्या दिवशी वहीवालीने वही मिटली आणि सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "काका, काही राहिलं का?"

"नाही."

"नक्की ना?"

"सांगितलं ना, नाही म्हणून."

तिने वही काखेत धरली. मग "बरं" म्हणून निघून गेली.

लपवलेल्या तीनपैकी पहिली पायरी अगदी साधी होती. नवा प्रोग्रॅम बसण्याआधी मी डेपोच्या कोल्ड रूममधल्या ताईंना फोन करायचो. थंड ठेवायची औषधं त्यांच्या ताब्यात, म्हणून डेपो बंद झाल्यावरही त्या तिथे असायच्या. त्या लेबल छापायचं मशीन बंद करून पुन्हा चालू करायच्या. तसं केलं नाही तर ते मशीन आधीचीच यादी धरून बसायचं आणि या खोक्याला त्या हॉस्पिटलचं लेबल छापायचं. एकदा असं झालं होतं. ताईंनी दहा-बारा चुकीची लेबलं फाडून टाकली, आम्ही दोघं हसलो, विषय संपला.

माझा बेत असा होता. बुधवारी लेबलं चुकतील, ताई ओरडतील, सगळे डोक्याला हात लावून बसतील, आणि मग मी उठेन. एका फोनात सगळं सरळ करीन. मॅडमना दिसेल की मशीन ते मशीन आणि माणूस तो माणूस.

अकराला बटण दाबलं. माझं दोन तासांचं काम सात मिनिटांत झालं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात. मग जागेवर येऊन बसलो आणि ताईंच्या फोनची वाट बघायला लागलो. साडेअकरा झाले, बारा झाले. फोन नाही.

मला वाटलं, सुटलं बहुतेक. खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

पावणेदोनला फोन वाजला. ताई नव्हत्या. कुठल्याशा लहान हॉस्पिटलातली नर्स होती. तिला आमच्या मदतीच्या नंबरवरून इकडे जोडून दिलं होतं.

"आमचं इन्सुलिन यायचं होतं," ती म्हणाली. "खोक्यावर नाव आमचंच आहे, पण आत दुसरीच औषधं निघाली. माझ्याकडे तीन पेशंट आहेत. तुम्ही जरा बघता का, प्लीज?"

ती चिडली असती तर मी सावरलो असतो. ती अजिजीने बोलत होती, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं हे काम मी शनिवारी केलं. शनिवारी डेपो बंद, खोकी वाहणारा पट्टा बंद, गाड्या उभ्या. चुकीचं लेबल फाडून टाकायला वेळच वेळ. आज बुधवार होता. पट्टा धावत होता, एकदा लेबल चिकटलं की पाच मिनिटांत खोकं गाडीत आणि गाडी रस्त्यावर. रोज उठून मी मशीनला अक्कल नाही म्हणत होतो, आणि वार बदललाय एवढंसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी ताईंना फोन लावला. लेबलाचं मशीन बंद-चालू झालं. सव्वीस खोकी चुकीच्या ठिकाणी गेली होती. गाड्या परत फिरवल्या. त्या नर्सचं इन्सुलिन पावणेपाचला पोचलं. तोवर तिने शेजारच्या हॉस्पिटलातून उसनं आणून वेळ निभावली होती. पेशंट ठीक होते. मी तीनदा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "किती काळजी करता हो तुम्ही!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बैठक. मॅडम, वहीवाली, मी, आणि डेपोतून ताई फोनवर. मॅडमनी नियम सांगितला, "इथे दोष द्यायचा नाही. काय झालं तेवढं समजून घ्यायचं." मला दादा आठवले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

वहीवालीने सगळा घटनाक्रम वाचला आणि शेवटी म्हणाली, "लेबलाच्या मशीनची पायरी माझ्या यादीत नव्हती. मी विचारायला कमी पडले."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. महिनाभर मी जिला पाण्यात पाहत होतो, ती माझं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेत होती. आणि मला आधी काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं. मग त्या सुटकेचीच लाज वाटली.

तेवढ्यात ताई फोनवरून बोलल्या, अगदी सहज, "मला कळलंच नाही हो, काल बदल होणार आहे ते. दर वेळी काका आधी फोन करतात ना. या वेळी आला नाही, म्हटलं पुढे ढकललं असेल."

आता माझी पाळी, असं समजून मी टेबलाची कड धरली. मॅडमनी वर न बघता कागदावर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, "ही पायरी इथे एकाच माणसाला माहीत होती. उपाय, सर्व पायऱ्या लिहून काढणे." आणि पान उलटलं. "पुढचा मुद्दा."

एवढंच? कोणी ओरडलं नाही. कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मला गप्प बसता आलं असतं. पण त्या नर्सचं 'प्लीज' कालपासून कानात बसलं होतं.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "मुद्दाम सांगितली नाही."

मॅडमचं पेन थांबलं. चुकीला दोष द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. मुद्दाम केलेल्याचं काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नसावं.

"का?"

"तुम्ही मला काढाल म्हणून. माझं टेबलसुद्धा मोजून नेलंय."

"टेबलं सगळ्यांचीच मोजलीयेत," वहीवाली हळूच म्हणाली. "सातव्या मजल्यावरचे खाली येणार आहेत, काका. जागा पुरते का ते बघत होते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "अजून आहेत अशा?"

"दोन आहेत."

"त्या सांगा. पण आधी ऐका. त्या सांगितल्यावर आणि कालच्या प्रकारानंतर तुमचं काय होईल, हे मी आज सांगू शकत नाही. कोणाचीही नोकरी जाणार नाही असं मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. तसं म्हणायला नको होतं. ते माझ्या एकटीच्या हातात नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच वरच्या माणसाचं बोलणं मला खरं वाटलं, आणि तेही असं.

वहीवालीने कोरं पान काढलं होतं. मी दुसरी पायरी सांगितली. महिना एकतीस दिवसांचा असला की लहान मुलांच्या वॉर्डांच्या ऑर्डर यादीतून गळून पडतात, त्या हाताने परत घालाव्या लागतात. तिने एकदा विचारलं, "हे का होतं?" मी कारण सांगितलं, तिने तेही लिहून घेतलं.

"आणि तिसरी?" तिने विचारलं.

तिसरी सांगितली की फक्त मलाच ठाऊक असलेलं काही उरणार नव्हतं. भीती वाटली, खूप वाटली. आधी दोन घोट पाणी प्यायलो, आणि मग सांगितली.